दोन लक्ष्मीबाई

गावोगावहून परिषदेला आलेल्या इतिहासाच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

मी शिक्षक नाही. माझं आयुष्य धानाच्या गिरणीवर गेलं. स्वागताध्यक्षानं जेवण घालायचं आणि त्या बदल्यात सर्वांनी त्याचं भाषण ऐकून घ्यायचं, असा आपल्याकडचा व्यवहार आहे. तो मी पाळणार आहे.

हा मंडप आणि मागचा पडदा एका नाटक कंपनीचा. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या या झाडीपट्टी भागात रात्र रात्र नाटकं चालतात आणि त्यांच्या तारखा इथं वडशात ठरतात. पडद्यावर राजवाडा आहे. आपल्या विषयाला जंगलाचा पडदा जास्त शोभला असता, पण तो आज दुसऱ्या गावी प्रयोगाला गेलाय.

गुलाम देशांनी स्वातंत्र्य कसं मिळवलं हे लेकरांना कसं शिकवायचं, असा आपला विषय. मला तो माझ्या आठवीतल्या नातीनं समजावला. तिच्या पुस्तकात 1857 चा धडा आहे. शेजारी बसून मी तिला आपल्या बाबुराव शेडमाकेंची गोष्ट सांगत होतो. 1833 चा जन्म, अहेरीकडचं किष्टापूर. 1858 मध्ये त्यांनी गोंड तरुणांची फौज उभी केली, घोसरीला आणि गढीसुर्ल्याला इंग्रजांशी लढले. सप्टेंबरात पकडले गेले आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फासावर गेले. वय पंचवीस. नातीनं विचारलं, पकडलं कोणी? मी म्हटलं, अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंच्या माणसांनी. पोरीनं पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, लक्ष्मीबाई तर इंग्रजांशी लढली ना?"

नाव एक, वर्षही एक. झाशीची लक्ष्मीबाई जूनमध्ये लढता लढता पडली आणि तीन महिन्यांनी अहेरीच्या लक्ष्मीबाईनं बाबुरावांना इंग्रजांच्या हवाली केलं. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण रात्री झोप लागेना. आमच्या नाटकात खलनायक एन्ट्रीलाच ओळखू येतो, मिशीवरून आणि हसण्यावरून. इथं तसं नाही. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं राणीवर दबाव आणला. मदत केली नाही तर जमीनदारी धोक्यात. केली, तर बक्षीस. आणि पुढं अडपल्ली-घोटकडची गावं तिला मिळालीही. परक्याचं राज्य चालतं ते असं. मूठभर साहेबांना एवढं जंगल राखता आलं, कारण आपल्यातल्या कोणाला काय गमावायची भीती आहे हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. हे मुलांना कळलं, तर घाना, केनिया, व्हिएतनाम ही नावं नकाशात न राहता ओळखीची होतील. नाहीतर 1960 मध्ये आफ्रिकेतले 17 देश स्वतंत्र झाले, हे एका गुणाचं उत्तर होऊन राहतं.

दंतकथांचंही तसंच. बाबुरावांना म्हणे फास लागेना, अंगात दैवी शक्ती होती. शिकलेली माणसं यावर हसतात. पण 1905 मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, सक्तीच्या कापूसलागवडीविरुद्ध लोक उठले. मंत्रलेलं पाणी अंगावर घेतलं की बंदुकीच्या गोळीचं पाणी होतं, असं त्यांना सांगितलेलं होतं. तिथल्या भाषेत पाणी म्हणजे माजी, आणि उठावाचं नावच माजी माजी. समोर मशीनगन. हातात भाला असलेल्या माणसाला उभं राहायला काय लागतं, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मूल स्वतःच सांगेल. खरं काय आणि लोकांनी धरून ठेवलेलं काय, हेही त्यालाच वेगळं करू द्या. जमतं त्याला.

एक गोष्ट जड आहे, पण बोलतो. चिमूर. 'छोडो भारत'चे दिवस, 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा पोलिसांच्या गोळीनं गेला, हे आपण सांगतो. त्याच दिवशी जमावानं सरकारी माणसंही मारली. त्यांत दुंगाजी, सोनवणे, जरासंध अशी इथलीच नावं होती, हे आपण गाळतो. मग गोरे सोजीर आले, गावातल्या बायांवर अत्याचार झाले, आणि त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. यातलं काय आठवीच्या वर्गात सांगायचं, कुठल्या शब्दांत, मुली समोर बसलेल्या असताना कसं, हे मला सांगता येणार नाही. गिरणीवाल्याचं ते काम नव्हे. तुमचं आहे. पण अर्धं गाळलं, की उरलेलं अर्धंही मूल पुढं खोटं मानतं, एवढं मी घरात पाहिलंय.

दोन दिवस आपण यावर बोलाल. भात इथल्याच धानाचा आहे, लाखोळीची डाळ आहे, वैनगंगेची मासोळी आहे. व्यवस्थेत काही उणं पडलं तर मला येऊन सांगा, मंडपवाल्यावर चिडू नका. तो कालच्या नाटकावरून पहाटे चारला परतलाय. परवा सकाळी सहाला ब्रह्मपुरी-नागभीडमार्गे चिमूरला बस निघेल. जागा पन्नासच आहेत, येणाऱ्यांनी जेवणाआधी नावं लिहून द्यावीत. माझी नात येते आहे. तिच्या प्रश्नांची वही भरलेली आहे, तेव्हा तिच्या शेजारी कोणीतरी इतिहासाचा शिक्षक बसावा, ही विनंती.