समीकरणाचा तोल

वाण्याच्या तराजूत एका पारड्यात माल व दुसऱ्यात वजन असते. रासायनिक समीकरणाच्या दोन्ही पारड्यांत मालच असतो आणि तोही एकच. डावीकडे क्रियेपूर्वीच्या रूपात, उजवीकडे क्रियेनंतरच्या. रासायनिक क्रियेत द्रव्य नवे निर्माण होत नाही व नाशही पावत नाही, हे तत्त्व फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याने आपल्या १७८९ च्या ग्रंथात मांडले. समीकरण संतुलित करण्याचे सारे नियम याच तत्त्वातून निघतात.

पहिला नियम असा की, पदार्थाच्या सूत्राला हात लावावयाचा नाही. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा एकेक रेणू घेऊन पाण्याचा एक रेणू मांडला, तर ऑक्सिजनचा एक अणू शिल्लक राहतो. तो पाण्याच्या सूत्रात कोंबल्यास हिशेब जुळतो खरा. पण मग ते पाणी राहत नाही, केसांचा रंग उडविणारे हायड्रोजन पेरॉक्साइड होते! बदलावयाची ती केवळ रेणूंची संख्या. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक आणि पाण्याचे दोन, झाला तोल.

दुसरा नियम क्रमाचा. जे मूलद्रव्य सुटे असेल, त्याचा हिशेब शेवटी करावा. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनच्या एका रेणूत कार्बनचे तीन व हायड्रोजनचे आठ अणू असतात. प्रथम कार्बन घ्यावा. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात. मग हायड्रोजन, पाण्याचे चार. उजवीकडे ऑक्सिजनचे अणू सहा आणि चार मिळून दहा झाले. म्हणून डावीकडे त्याचे पाच रेणू हवेत. वजनानेही पडताळा पाहावा. ४४ ग्रॅम प्रोपेन व १६० ग्रॅम ऑक्सिजन मिळून २०४. उजवीकडे १३२ व ७२, तेही २०४.

तिसरा नियम अपूर्णांकाचा. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. सारा कार्बन त्याच रूपात गेला असे धरल्यास ऑक्सिजनचे साडेतीनच रेणू लागतात. पूर्णांक मिळविण्यासाठी सर्व समीकरण दुप्पट करावे: प्रोपेनचे दोन, ऑक्सिजनचे सात, उजवीकडे मोनॉक्साइडचे सहा व पाण्याचे आठ.

पाच आणि साडेतीन यांतील अंतर वहीत क्षुल्लक दिसते. परंतु मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी जखडून बसतो आणि शरीराला ऑक्सिजन मिळू देत नाही. कोंदट न्हाणीघरात गॅसचा गिझर पेटवू नये, या सूचनेमागे हाच दीड रेणूंचा हिशेब आहे.