अळंबीचं बी आपल्याच हातचं



धिंगरी अळंबीला भाताचा पेंढा लागतो, तो आपल्या घरचा. मग बी दरवेळी विकत का?

आपण ज्वारी शिजवू; दाणा मऊ व्हावा, फुटू नये. निथळून, सावलीत सुकवून किलोला 20 ग्रॅम चुनखडीची भुकटी चोळू. बाटल्या पाऊण भरून, कापसाचा बोळा लावून, शिट्टीच्या कुकरात 2 तास वाफवू. नुसतं उकळून सगळे जंतू मरत नाहीत. गार झाल्यावर, वारा बंद करून, ज्योतीजवळ मूळ बी टाकू. 15-20 दिवसांत दाणे पांढरे होतात. हिरवी-काळी दिसली ती बाटली पुरायची.

अळंबीला शेत लागत नाही, म्हणून 2006 च्या कायद्याचा दावा आपण सोडायचा नाही. बी आपलं, जमीनही आपलीच!