गोणी बदलली, हमाली तीच?
(आयटीआयच्या पोरांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीतला कंत्राटी कामगार. शिक्षण दहावी. कविता लिहितो, कंटेनरला लॅशिंग करतो. माझ्या आज्याच्या हातात हुक होता, पाठीवर गोणी. मग कंटेनर आले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पाठींचं काम क्रेननं खाल्लं. आता कुठला डबा कुठं जाणार ते कॉम्प्युटर सांगतो. आम्ही हुकूम ऐकतो.

तुम्ही 'कोपा' शिकताय. दहावीवर प्रवेश, एक वर्षाचा ट्रेड. नाव नीट वाचा: कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. म्हणजे एक चालवणारा, दुसरा हाताखालचा! टायपिंग, एक्सेल जरूर शिका, पोट भरेल. पण तिथंच थांबलात तर गोणी बदलली, हमाली तीच.

अभ्यासक्रमात जावास्क्रिप्टही आहे. सर ते उरकायला लागले तर हात वर करा, 'पुन्हा सांगा' म्हणा. मशीन बंद असेल तर प्राचार्यांच्या दारात बसा.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे आपल्या पोरांसाठी विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्या नुसती बटणं दाबायला नव्हत्या. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम. पिढ्यान् पिढ्या आपण हुकूम ऐकले. आता लिहायला शिका.

जय भीम!