कारभार सर्वांचा, हिशेब सर्वांसमोर



अजातशत्रूचा अमात्य वज्जींवर स्वारीची गोष्ट घेऊन आला, तेव्हा तथागतांनी आनंदाला विचारलं, वज्जी वारंवार जमतात का? एकोप्यानं बसतात का? तसं करतील तोवर त्यांची वाढच होईल. आपल्या सहकाराचं मूळ हेच आहे.

पण आज वस्तीत काय होतं? नालीचं काम निघतं, ठेकेदार येतो, बिल निघतं. आपल्याला ना विचारणा, ना हिशेब. परमपूज्य बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गावगाड्यावर कडक टीका केली, ती उगाच नाही. बहुमताच्या गावात शेवटच्या गल्लीचं ऐकतो कोण?

गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव बघा. तिथं ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

हिंगण्यात आपल्याजवळ तसं जंगल नाही. पण नाली, नळ, दिवाबत्ती तर आपलीच आहे ना? म्हणून मागू या : मंजुरीआधी वस्तीत बैठक, मायबहिणींचं म्हणणं पहिलं, शक्य तिथं काम मजूर सहकारी संस्थेला आणि खर्चाचा फलक कामाच्या जागेवर.

आणि आपण? सभेच्या रजिस्टरवर सही करून घरी पळायचं सोडू. दर रविवारी वंदनेनंतर पंधरा मिनिटं इथंच बसू, कागद वाचू. विहार ही आपली पहिली ग्रामसभा होवो.

जयभीम! नमो बुद्धाय!