दुखले कुठे आणि गळले कुठे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



२०२५ च्या मे महिन्यात मी आणि माझी धाकटी जाऊ एका शर्यतीत उतरलो, आणि पुढच्याच आठवड्यात मंडळाने शालनारळ देऊन आमचे कौतुक केले. त्या दिवशी याच सभागृहात उभी राहून मी म्हणाले होते, "दोघींनी निम्मे निम्मे केले." ते वाक्य खरे नव्हते. आज मला भाषणाची आज्ञा झाली तेव्हाच ठरवले, की आधी ते दुरुस्त करावे. परंतु त्यासाठी शर्यत काय होती आणि तिचा हिशेब आम्ही कसा मांडला, हे सांगावे लागेल.

या शर्यतीचे नाव हायरॉक्स. २०१७ साली जर्मनीतील हांबुर्ग शहरात ती निघाली. ती काढणाऱ्या दोघांपैकी एक, मोरिट्झ फ्युर्स्टे, हे २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या जर्मन हॉकी संघातले खेळाडू. भारतात ती प्रथम झाली ती आपल्या बोरिवलीपासून तीनच स्टेशनांवर, गोरेगावच्या नेस्को संकुलात. एक किलोमीटर धावायचे, मग एक अंगमेहनतीचे काम करायचे, असे आठ वेळा. कामे ठरलेली असतात: यंत्राच्या दोऱ्या खाली ओढणे, वजन लादलेली घसरगाडी ढकलणे, तीच दोराने ओढणे, जमिनीवर पालथे पडून उठायचे आणि पुढे उडी मारायची, असे ८० मीटर जाणे, वल्हवण्याचे यंत्र चालवणे, दोन्ही हातांत सोळा सोळा किलो घेऊन २०० मीटर चालणे, खांद्यावर दहा किलोची वाळूची पिशवी घेऊन, पावलागणिक गुडघा टेकत १०० मीटर जाणे, आणि शेवटी चार किलोचा चेंडू बसून उठून वरच्या खुणेवर शंभर वेळा फेकणे. जोडीने उतरले तर धावायचे दोघींनी बरोबर, कामे मात्र आपसांत वाटून घेता येतात.

आम्हांला एक तास सत्तावन्न मिनिटे लागली. घरी येऊन चहा घेताना जाऊ म्हणाली, "वहिनी, त्या घसरगाडीनं जीव घेतला बघा. आता मांड्यांची ताकदच वाढवायला हवी." मलाही ते पटले. दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होते, तेव्हा न पटून काय करते!

परंतु बावीस वर्षे घरखर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या बेरजेवर समाधान होत नाही. शर्यतीत घोट्याला एक पट्टी बांधतात. तिच्यामुळे प्रत्येक किलोमीटरचा आणि प्रत्येक कामाचा वेळ वेगळा नोंदला जातो. तो निकाल मी वहीत तीन रकाने पाडून उतरवला: धावणे, कामे, आणि या दोहोंमधली ये-जा. धावण्याला सदुसष्ट मिनिटे चाळीस सेकंद. आठही कामांना मिळून एकोणचाळीस मिनिटे पन्नास सेकंद. ये-जा करण्यात साडेनऊ मिनिटे. आणि जिने जीव घेतला ती घसरगाडी ढकलायला? तीन मिनिटे दहा सेकंद!

भगिनींनो, मला सर्वांत मोठा धडा इथेच मिळाला. जिथे सर्वांत जास्त दुखले, तिथे सर्वांत जास्त गळले नव्हते. महिनाअखेर पैसे पुरले नाहीत की आपल्याला दिवाळीची साडी आठवते. पण पैसा गेलेला असतो रोजच्या रिक्षात आणि वरच्या दुधात. घसरगाडी ही आमची साडी होती. तिच्यासाठी आम्ही आठवड्याचे चार दिवस व्यायामशाळेत घालवले होते, आणि निम्म्याहून अधिक वेळ खाणाऱ्या धावण्याला दिला होता फक्त रविवार.

मग धावण्याचा रकाना उलगडला. पहिला किलोमीटर सहा मिनिटे पन्नास सेकंदांत, आठवा नऊ मिनिटे पस्तीस सेकंदांत. एवढी घसरण का झाली, याचे कारण सांगायला मला लाज वाटते. कठड्यापलीकडे आमच्या इमारतीतली मंडळी उभी होती. त्यांच्यासमोर मी सरावात कधी धावले नव्हते अशी धावले. श्वास पुरवील त्याहून अधिक वेगाने धावले की स्नायूंतली साठवलेली साखर भराभर खर्च होते, नाडी चढते, आणि ती उधारी पुढे व्याजासह फेडावी लागते. सगळे किलोमीटर आठ मिनिटांनी धावलो असतो, तर चौसष्ट मिनिटांत संपले असते. म्हणजे टाळ्यांची किंमत पडली साडेतीन मिनिटांहून अधिक. ये-जा करतानाची साडेनऊ मिनिटेही अशीच: केस बांधणे, पाण्यासाठी थांबणे, "आता कुठे जायचं गं?" म्हणत इकडेतिकडे पाहणे.

आता त्या वाक्याकडे येते. चेंडूच्या कामापुढे निकालात सहा मिनिटे वीस सेकंद असा आकडा आहे. तो दोघींचा मिळून. कोणी किती फेकले, हे निकाल सांगत नाही. ते आम्हां दोघींनाच ठाऊक. माझ्या मांड्या तोवर संपल्या होत्या. शंभरांपैकी मी बत्तीस फेकले, अडुसष्ट तिने. आठ झाले की मी चेंडू तिच्याकडे देत होते, आणि ती एक अक्षर न बोलता घेत होती. मी इथे निम्मे निम्मे म्हणाले तेव्हाही ती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

मी वहीत ते बत्तीस लिहिले आणि वही तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, "वहिनी, हे कशाला लिहिलंत? कोण विचारणार आहे?" खरेच कोणी विचारले नसते. पण तो आकडा लपवून पुढचा सराव आखला असता, तर "चेंडूचे काम बरे झाले" असे धरून आम्ही पुढे गेलो असतो आणि पुढच्या वेळीही माझा भार तिनेच उचलला असता. खोट्या हिशेबावर संसार चालत नाही, सरावही चालत नाही.

एक गोष्ट मात्र वहीत सापडण्याजोगी नव्हती. शेवटच्या किलोमीटरांत मला नुसता दम लागत नव्हता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. डॉक्टरांकडे गेले, रक्त तपासले तर हिमोग्लोबिन कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या होत्या. तेव्हा दम लागला की "वय झाले" म्हणण्याआधी रक्त तपासून घ्या, एवढी माझी विनंती आहे.

त्यानंतर आम्ही सरावात दोनच बदल केले. सगळेच एकदम बदलले असते, तर गुण कशाने आला हे कळले नसते. पहिला बदल, धावणे आठवड्यातून तीन दिवस. एक दिवस राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्याने सावकाश, गप्पा मारता येतील इतकेच. एक दिवस एकेक किलोमीटरचे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर लगेच उठाबशा, म्हणजे थकल्या पायांनी धावण्याची सवय व्हावी. तिसऱ्या दिवशी मध्यम. ताकदीचा व्यायाम दोन दिवसांवर आणला, पण सोडला नाही. पाळी जाण्याच्या वयात हाडे आणि स्नायू झिजू लागतात, त्यांना वजनाचे काम हवेच. दुसरा बदल, पहिला किलोमीटर जाणूनबुजून हळू, आणि कामाकडून धावण्याकडे जाताना थांबायचे नाही.

दर सहा आठवड्यांनी परीक्षा घ्यायची: रस्ता तोच, वेळ तीच, चार किलोमीटर, आणि मध्ये मध्ये दहा किलोची तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघे टेकत चालणे. जूनमध्ये माझा पहिला किलोमीटर सात मिनिटे दहा सेकंद होता आणि चौथा नऊ मिनिटे. बारा आठवड्यांनी पहिला सात पन्नास आणि चौथा आठ मिनिटे पाच सेकंद झाला. चेंडू सलग वीस जाऊ लागले.

याचा अर्थ पुढची शर्यत अशीच जाईल असा नव्हे. आपल्या साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. दोनच दिवसांनी अंतिम फेरीत त्यांना ९ मिनिटे २२.७४ सेकंद लागले, आणि त्या दहाव्या आल्या. पाय तेच, पण दिवस वेगळा. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावरून स्वतःला नावे ठेवू नयेत, की फुगूनही जाऊ नये. त्यातून पुढच्या सहा आठवड्यांचे काम तेवढे काढावे.

आम्ही दोघी पुन्हा उतरणार आहोत. चेंडूंची वाटणी या वेळी आधीच ठरली आहे: पन्नास तिचे, पन्नास माझे. रविवारी पहाटे आम्ही राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी असतो. ज्यांना धावता येत नाही त्यांनी चालायला यावे. मात्र येताना एक छोटी वही आणावी, आणि तिच्यात खरे तेच लिहावे.