छापील शब्दाचा जामीन कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी संशोधन-प्रकाशन आणि त्यातील नीती असा रुक्ष विषय आम्ही का निवडला, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. बी. ए. ची पदवी आणि केंद्र सरकारची प्रदीर्घ नोकरी एवढेच आमचे भांडवल. परंतु बंगळूर ही संशोधनसंस्थांची नगरी आहे. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची मुले, सुना, जावई येथील प्रयोगशाळांत काम करीत आहेत किंवा पीएच. डी. चा प्रबंध लिहीत आहेत. 'पेपर छापून आला का?' हा प्रश्न अशा घरांतून 'जेवण झाले का?' इतकाच नित्याचा झाला आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

सरकारी कचेरीची पुष्कळ थट्टा होते व तीत तथ्यही असते. तथापि कचेरीतील एक रीत आम्हांस मोलाची वाटते. फाईलवर ज्याने टिपणी लिहिली त्याची सही आणि तारीख तिच्याखाली असते. वरिष्ठाने ती मान्य केली की त्याचीही सही होते. दहा वर्षांनी प्रश्न उपस्थित झाला तरी कोणी काय लिहिले आणि कोणी काय पाहिले, हे त्या पानावर दिसते. सही म्हणजे जामीनकी. संशोधनलेखावरील नाव हीसुद्धा अशीच सही आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

ही जाणीव केवळ पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली असे मानण्याचे कारण नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये अशी कडक ताकीद देऊन ठेवली. ज्याचे शब्द त्याचेच राहावेत, हा तिचा भावार्थ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ साली ते सिद्धीस नेले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिला जी शिस्त लावून दिली, तीनुसार स्वीकारलेला पाठ वर आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद खाली छापले गेले. संपादकाने आपला निर्णय दिला, परंतु तो तपासून पाहण्याचा वाचकाचा हक्क अबाधित ठेवला. संशोधनाची सारी नीती या मांडणीत सामावली आहे, असे आम्हांस वाटते.

आता आपल्या बंगळूरकडे वळू. डॉ. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या नव्या शोधावरील प्रसिद्ध व्याख्यान १६ मार्च १९२८ रोजी याच शहरात दिले व ते 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' या भारतीय नियतकालिकात छापले गेले. पुढे जुलै १९३२ मध्ये येथूनच 'करंट सायन्स' निघू लागले आणि १९३४ साली रामन यांनी भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली. आपल्या देशातील संशोधन आपल्या देशातच पारखले जावे व छापले जावे, ही त्यामागील तळमळ होती.

ही पारख कशी होते, हे थोडक्यात सांगावयास हवे. लेख आला की संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. ते बहुधा विनामूल्य तो वाचतात, शंका काढतात, फेरप्रयोग सुचवितात. लेख नाकारावा असेही कळवितात. यात महिनोन्‌महिने जातात. सामान्य वाचक छापील लेखावर विश्वास ठेवतो तो या अदृश्य श्रमांच्या बळावर.

परंतु नेमणूक, बढती व पदवी यांसाठी लेख वाचण्याऐवजी मोजले जाऊ लागले, तेव्हा या पेठेत दुसराच व्यापार सुरू झाला. लेखकाकडून शुल्क घ्यावे आणि लेख सर्वांना विनामूल्य वाचू द्यावा, ही पद्धत मुळात वाईट नाही. पण तिच्या आडोशाने केवळ शुल्क घेऊन, न वाचताच लेख छापणारी दुकाने निघाली. २०१३ साली अमेरिकेतील 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला एक बनावट लेख नावे बदलून ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांतील भारतस्थित नियतकालिकांपैकी ६४ जणांनी होकार दिला, तर अवघ्या १५ जणांनी नकार.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तेव्हा तीतही अशी दुकाने शिरली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेली १००९ नियतकालिके तपासली. त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरली. कोणाचा पत्ता नाही, कोणाच्या संपादकांचा ठावठिकाणा नाही, तर कोणाचा क्रमांकच खोटा! हा अभ्यास मार्च २०१८ मध्ये आपल्या बंगळूरच्या 'करंट सायन्स'नेच प्रसिद्ध केला. पुण्याने तपासावे आणि बंगळूरने छापावे, हा योग उभय नगरींना भूषणावह आहे. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. पुढे २०१९ साली पुणे विद्यापीठाच्या साहाय्याने नवी, काटेकोर यादी आली. तेव्हा लबाडांनी चांगल्या नियतकालिकांच्या नावांची हुबेहूब नक्कल आरंभिली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली आणि पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांकडे आली.

आम्ही स्वतः नियमांच्या राज्यात वाढलो, म्हणून नियमांची थोरवी आणि मर्यादा दोन्ही जाणतो. २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरविल्या: दहा टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, त्यापुढे वाढत्या शिक्षा. पण टक्केवारी शब्द मोजते. शब्द बदलून दुसऱ्याची कल्पना उचलणारा, किंवा न केलेल्या प्रयोगाचे आकडे देणारा तीत सापडत नाही. पीएच. डी. पूर्वी लेख छापून आलाच पाहिजे, ही सक्ती २०२२ च्या नियमांत उठविली गेली, हे बरेच झाले. सक्तीने लेख मिळतात. शोध मिळतीलच असे नाही.

यात सार्वजनिक पैसाही गुंतलेला आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' या योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले असून ३० प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना खुली करण्याची तिची योजना आहे. लहान गावच्या महाविद्यालयातील मुलीला आय. आय. एस्सी. मधील विद्यार्थ्याइतकेच वाचावयास मिळावे, हा हेतू स्तुत्यच होय. मात्र संशोधनाचा खर्च बहुतांशी जनतेचा, परीक्षण विनामोबदला आणि वाचण्याचे मोलही जनतेनेच द्यावयाचे, ही व्यवस्था किती काळ चालू द्यावी, याचाही विचार झाला पाहिजे.

यादी, नियम, अनुदान हे सारे आवश्यक आहे; परंतु सही करणाऱ्याच्या मनाची जागा ते घेऊ शकत नाही. ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखावर नसावे, मग तो विभागप्रमुख का असेना. ज्याने काम केले त्याचे नाव गळू नये, मग तो कनिष्ठ साहाय्यक का असेना. मूळ नोंदवह्या जपून ठेवाव्यात आणि मागणाऱ्यास दाखवाव्यात. चूक आढळल्यास लेख उघडपणे मागे घ्यावा, आणि प्रामाणिकपणे मागे घेणाऱ्यास समाजाने चोरांच्या रांगेत उभे करू नये. तसे केल्यास पुढचा मनुष्य चूक झाकून ठेवील.

या सभेतील आईवडिलांना आमची एक विनंती आहे. आपल्या लेकरांना 'किती पेपर झाले?' असे विचारू नका. 'काय शोधलेस, आणि ते तू स्वतः पडताळलेस का?' असे विचारा. उत्तर आपणांस पुरते कळले नाही तरी चालेल. घरी कोणी असा प्रश्न विचारणारे आहे, एवढा धाक आणि एवढाच आधार पुष्कळ तरुणांना पुरेल.