मद्यमुक्तीची मीटिंग: शोध आणि पहिला प्रवेश

दारूच्या व्यसनावरील उपचाराचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे शरीरातून दारू उतरवणे. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांत होते. दुसरा भाग म्हणजे दारूशिवाय जगायला शिकणे. त्याला मुदत नसते आणि ते एकट्याला क्वचितच साधते. रुग्णालयातून बरा होऊन गेलेला माणूस महिन्याभरात पुन्हा पिऊ लागतो, तेव्हा बहुधा हा दुसरा भागच राहून गेलेला असतो. मद्यमुक्तीच्या मीटिंगचे काम नेमके तिथे सुरू होते.

या मीटिंगची पद्धत अमेरिकेत १९३५ साली जन्मली. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन त्या मे महिन्यात धंद्यानिमित्त ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात होते. त्यांनी काही महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती. व्यवहार फिसकटला आणि हॉटेलातला बार खुणावू लागला. त्यांनी तिथल्या यादीवरून चर्चच्या धर्मोपदेशकांना फोन लावले आणि दारूशी झगडणारा कोणी भेटेल का, अशी चौकशी केली. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ यांची गाठ पडली. पंधरा मिनिटेच बसायचे ठरवून आलेले डॉक्टर काही तास बोलत राहिले. १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ अर्थात एए या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. दुसऱ्या मद्यपीला मदत करताना मदत करणाऱ्याचीही दारू सुटलेली राहते, हा या भेटीतून हाती लागलेला अनुभवच पुढच्या साऱ्या कार्याचा पाया ठरला. भारतात एए १९५७ मध्ये आली.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. एक सदस्य ती चालवतो आणि बाकीचे पाळीपाळीने आपला अनुभव सांगतात. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. बोलणाऱ्याला कोणी मध्येच अडवत नाही आणि उपदेशही करत नाही. ओळख पहिल्या नावापुरती असते. तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, असा संकेत आहे. फी नसते. सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून खर्च भागतो आणि बाहेरची देणगी घेतली जात नाही. दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट. ‘बंद’ मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरती असते. ‘खुल्या’ मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, डॉक्टर असे कोणीही येऊ शकते.

शोध घेताना पहिली अडचण अशी की अनेक मीटिंगच्या दारावर ठळक पाटी नसते. चर्चचे सभागृह, शाळेचा वर्ग किंवा रुग्णालयाची खोली अशा जागा ठरावीक वेळेपुरत्या घेतलेल्या असतात. म्हणून आधी फोन करणे श्रेयस्कर. एएच्या भारतातील संकेतस्थळावर शहरवार माहिती मिळते. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ येथेही मार्गदर्शन मिळते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, फादर जो परेरा यांनी मुंबईत स्थापलेले कृपा फाउंडेशन किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मनोविकार विभाग येथेही चौकशी करता येते. फोनवर वार, वेळ, नेमकी जागा आणि भाषा विचारून घ्यावी. मीटिंग खुली की बंद, हेही विचारावे. गावात गट नसेल किंवा परदेशात राहून मराठीतच मन मोकळे करायचे असेल, तर ऑनलाइन मीटिंगचा पर्याय आहे. स्त्रियांनी केवळ महिलांचा गट आहे का, हे आवर्जून विचारावे. चारचौघांत बोलण्याचा संकोच त्यांच्या वाट्याला अधिक येतो.

पहिल्या दिवशी थोडे लवकर पोहोचावे आणि आपण नवीन असल्याचे सांगावे. बोलण्याची सक्ती नसते. नुसते ऐकले तरी चालते. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. एक गट रुचला नाही म्हणून पद्धतच निरुपयोगी ठरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या गटात जाऊन पाहावे. पुढे अनुभवी सदस्य ‘स्पॉन्सर’ म्हणून सोबत करतो आणि ओढ अनावर झाली की त्याला फोन करता येतो.

मीटिंग डॉक्टरांची जागा घेत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर हातांचा थरकाप आणि अस्वस्थता काही तासांतच सुरू होऊ शकते. पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे अशी जीवघेणी लक्षणेही उद्भवतात. अशा व्यक्तीने आधी रुग्णालयात जावे.

कुटुंबाचीही वेगळी मीटिंग असते. बिल यांच्या पत्नी लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये ‘अल-अ‍ॅनॉन’ची स्थापना झाली. मद्यपी दारू सोडायला तयार नसला, तरी त्याची पत्नी, आई किंवा भाऊ तिथे जाऊ शकतात.

२०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. एए आणि तिच्याकडे नेणारे सुनियोजित उपचार संपूर्ण मद्यमुक्ती टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अनेकदा सरस ठरतात, असे त्यात आढळले. तरीही घसरण होऊ शकते. घसरलेल्या माणसाला शरमेपोटी मीटिंग टाळावीशी वाटते, पण तिची सर्वांत जास्त गरज त्याच वेळी असते. परत येणाऱ्याला अट तीच आणि दार उघडेच.